नाना, लढत वेळेवर थांबली

नाना, तुम्ही गेल्याचा फोन तुमच्या मुलाने, संजयदादांनी केला तेव्हा मी जळगावला कँटीनमध्ये चहा पीत होते. फोन ठेवला आणि तोंडातून पहिला शब्द निघाला तो "हुश्श". समोर बसलेल्या मैत्रिणीला वाटलं, कसलातरी निकाल लागला असावा. मी म्हटलं, आमचे नाना गेले, तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. रडू नंतर आलं, धुळ्याच्या बसमध्ये, पारोळ्याच्या अलीकडे, आणि असं आलं की शेजारच्या मावशींनी ओळख ना देख, आपल्या पदराने माझं तोंड पुसलं. पण आधी हुश्श आलं. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमच्या आजारपणात, दवाखान्यातल्या त्या दुपारी, मी तुमच्या वतीने एक वाक्य बोलून बसले होते. मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुमच्या घरची नाही, नात्यातली नाही. ते वाक्य चुकीचं निघालं असतं तर काय, या विचाराने मला नंतर जेवण गोड लागलं नव्हतं. ते ओझं उतरलं कसं, ते तुम्हाला ठाऊक आहे, कारण ते तुम्हीच उतरवलंत. तरी मला ते पुन्हा एकदा सगळं बोलायचंय. तुम्ही मधे रेफ्रीसारखं "ब्रेक" म्हणायचं नाही.

शोकसभेत लोक काय काय बोलले ते सांगत बसत नाही. तुम्हाला पितामह केलं, वटवृक्ष केलं. तुम्ही असतात तर मागच्या दाराने सटकला असतात आणि टपरीवर जाऊन उभे राहिला असतात. कोणत्या कॉलेजात खेळ शिकवलेत, किती पोरं पोलिसात लागली, हे सगळं बॅनरवर आहे. बॅनरवर आपलं भांडण मात्र नाही, आणि ते तर अर्धवट राहिलंय.

आपली ओळखच भांडणातून झाली. मी पत्रकारितेच्या पहिल्या वर्षाला होते. विभागातल्या एकमेव बऱ्या कॅमेऱ्यावर सगळ्यांचा डोळा. मोठमोठ्या सभा, गणपती, सिनेमावाले आले की पोरं तो पळवायची, आणि उरलेसुरले खेळ माझ्या वाट्याला यायचे. धुळ्याला कॉलेजांच्या बॉक्सिंग स्पर्धा होत्या. मी भडगावची. कबड्डी बघत वाढलेली. बॉक्सिंग मी टीव्हीवरसुद्धा धड पाहिलं नव्हतं. रिंगच्या कडेला कोपर टेकून, खालच्या दोरातून लेन्स आत घालून उभी होते. फ्लॅश मारायचा नाही, एवढं कुणीतरी दम देऊन सांगितलं होतं.

निळ्या कोपऱ्यात साक्रीकडचा किरण होता. काटक, शांत, दुपारपर्यंत सगळ्यांचा लाडका झालेला. दुसऱ्या फेरीत त्याच्या हनुवटीवर एक ठोसा बसला. तो पडला नाही. दोराला टेकला, परत सरळ झाला, हात वर घेतले. आणि तेवढ्यात पांढरा शर्ट, काळा बो लावलेले रेफ्री, म्हणजे तुम्ही, दोघांच्या मधे घुसलात आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांवरून फिरवलेत. लढत बंद. हॉलमध्ये एकच बोंब उठली. किरणने हात पसरून तुमच्याकडे पाहिलं, की अहो, झालं काय? तो फोटो मला मिळाला. पोराचा चेहरा स्वच्छ, डोळे उघडे, पाय जमिनीवर, आणि समोर, हात अजून डोक्यावर आडवे, पाठमोरे तुम्ही. आमच्या विभागाच्या अंकात पहिल्या पानावर आला. खाली मी लिहिलं होतं, "का थांबवली?"

पुढच्या स्पर्धेला तुम्ही तो अंक खिशात घालूनच आलात. लांबूनच हाक मारलीत, "ए फोटोवाली, आठे ये. हाऊ फोटो तू काढा का?"

मला वाटलं, आता कॅमेरा जप्त होणार. "हो, मी काढला."

"फोटो चांगला शे, पन त्याना खाले लिखेल शे ते खोटं शे."

"प्रश्न आहे तो नाना. प्रश्न खोटा कसा असेल?"

तुम्ही कंबरेवर हात ठेवून मला वरपासून खालपर्यंत पाहिलंत. "तुले त्याना गुडघा दिखना नही का?"

"गुडघे फोटोत आहेत. सरळ आहेत."

"फोटोमा सरळ शेत," म्हणालात, ठोसा लागला की आधी गुडघा सुटतो म्हणालात आणि अंक परत खिशात घातलात. मग, जणू काही झालंच नाही अशा थाटात, चहा पाजलात आणि जाताना म्हणालात, आता येत जा.

मी येत गेले. प्रत्येक वेळी भांडण तिथूनच पुढे सुरू. मी तो फोटो मोठा करून दाखवायची, तुम्ही चष्मा कपाळावर चढवून बघायचात आणि "गुडघा" एवढंच म्हणायचात. मी आजही सांगते नाना, किरण लढू शकला असता. आणि हे मी एकटीच म्हणत नाही. तुमच्या अंत्ययात्रेला तो साक्रीहून मोटारसायकलवर आला होता. आता दाढी ठेवलीय त्याने, बायको आहे, गावात पोरांना शिकवतो. खांदा देऊन बाजूला आला, घाम पुसला आणि मला म्हणाला, "ताई, नानासनी उगाच थांबाडी व ती फाईट. मी एकदम चांगला व्हतू." असं म्हणून तो हमसून हमसून रडला. म्हणजे बघा, तुम्ही तिरडीवर होतात आणि तिथेसुद्धा मत तुमच्या विरुद्धच पडलं.

लढत लवकर थांबवणारा माणूस म्हणून तुमचं नाव खराब होतं. धुळ्यातले तर तुम्हाला तोंडावर म्हणायचे, की नानांची शिट्टी आधी आणि ठोसा नंतर. बॉक्सिंगमध्ये शिट्टी नसते हे त्यांना कोण सांगणार. मी मात्र मनातल्या मनात तुमच्यासाठी एक गोष्ट रचली होती. तरुणपणी कधीतरी तुम्ही एक लढत थांबवायला उशीर केला असणार, कुणी पोरगा जायबंदी झाला असणार, आणि त्याचं शल्य तुम्हाला असणार. पत्रकारितेच्या विद्यार्थिनीला अशा गोष्टी फार लवकर सुचतात. एकदा तुमच्या घरी जेवताना विचारलंच. अक्कांनी, तुमच्या मंडळींनी, कळण्याची भाकरी ताटात टाकली होती, तुम्ही ठेचा कालवत होतात. तुम्ही इतके हसलात की ठसका लागला.

"नही व माय, तसं काईच नही. कोनी मार खाई राह्यना का माले देखवत नही, बस."

"मग बॉक्सिंगमध्ये कशाला आलात? बुद्धिबळ शिकवायचं."

"थांबाडनारा बी कोनी पाहिजे ना!"

अक्का म्हणाल्या, घरात मात्र यांना कधी थांबता येत नाही, भाकरी चौथी झाली. त्यावर तुम्ही ताटावर दोन्ही हात आडवे फिरवलेत, रिंगमध्ये फिरवता तसे, आणि उठलात.

तुम्ही मला फोटो काढायला शिकवलंत असं शोकसभेत कुणीतरी म्हणालं. साफ खोटं. तुम्हाला फोटोतलं शष्प कळत नव्हतं. तुमच्या मोबाइलमध्ये सगळ्यांची मुंडकी उडालेली असायची. पण तुम्ही मला एक जागा दाखवलीत. निकाल लागतो तेव्हा रेफ्री मधे उभा राहतो, एका हाताने या पोराचं मनगट धरतो, दुसऱ्या हाताने त्या पोराचं. नाव पुकारलं की जिंकलेल्याचा हात वर. आम्ही सगळे फोटोवाले त्या वर गेलेल्या हातावर तुटून पडायचो. एकदा मी तुम्हाला म्हटलं, की हरलेल्याचा चेहरा फार बोलतो, पण तुम्ही त्याला इतक्या पटकन सोडता की फ्रेम सापडतच नाही. तुम्ही म्हणालात, चेहऱ्याकडे कशाला बघतेस, माझ्या डाव्या हाताकडे बघ. किंवा उजव्या. जो खाली राहिला असेल त्या.

पुढच्या लढतीला मी तिकडे लेन्स लावली. एक हात उंच गेला, हॉल ओरडला, आणि खाली, कुणाचंही लक्ष नसताना, तुमचा अंगठा हरलेल्या पोराच्या मनगटावर एकदा दाबला गेला. मग सोडलात. मी मागचे जुने फोटो काढून बसले. ज्यात ज्यात हात दिसत होता, त्यात त्यात तो अंगठा दाबलेला.

"काय सांगता त्याला?" मी विचारलं.

"काय सांगनार? मी आठेच शे, म्हनस."

मी इथेच आहे, एवढंच. त्यावर मी भांडले नाही.

मग तुमचा गळा धरला. डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. "बॉक्स!" म्हटलं की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची, तो आवाज. मी भेटायला आले की तुम्ही पाटीवर खडूने लिहायचात. पहिल्या भेटीत काय लिहिलंत आठवतं? "गुडघा." मी हसता हसता रडले आणि तुम्ही पाटी पुसून टाकलीत. पुढे तो रोग आत सरकत गेला. बोटांत खडू ठरेना, आणि पाटी खाटेखाली गेली.

शेवटच्या वेळेला तुम्हाला जळगावच्या दवाखान्यात आणलं. पुण्याहून संजयदादा आले. हा तुमचा मुलगा, नाना, तुमच्यापेक्षा उंच आणि तुमच्याइतकाच हट्टी. मी वर्ग संपला की यायची, अक्कांना जरा पाय मोकळे करायला पाठवायची. डॉक्टरांनी संजयदादांना सांगितलं होतं, नाशिकला नेता येईल, नळी घालून मशीनवर ठेवता येईल. त्याने थोडे दिवस वाढतील, बरं होणं नाही. निर्णय घरच्यांनी घ्यायचा. संजयदादांचं ठरलं होतं. अँब्युलन्स सांगून झाली होती. त्यांना दोष नाही, नाना. बाप समोर पडलाय आणि आपण काहीच करत नाही, हे कुठल्या मुलाला जमतं?

तुम्हाला विचारायचं तरी कसं? तुम्ही मान सगळ्यालाच हलवत होतात. पाणी? मान. उशी उंच करू? मान. नाशिकला जायचं? मान. पाऊण झोपेत माणूस हलवतो तशी. त्या मानेवर कुणाचा विश्वास उरला नव्हता.

त्या दुपारी मी खोलीत शिरले तर सगळे तुमच्या खाटेभोवती होते. तुम्ही दोन्ही हात उचलत होतात. सलाईनच्या नळीसकट ते थरथरत कपाळापर्यंत जायचे, तिथे एकमेकांना आडवे व्हायचे आणि पडायचे. थोडा दम खायचात आणि पुन्हा तेच. संजयदादा म्हणाले, देवाला नमस्कार करतायत. सिस्टर म्हणाली, सुई खुपत असेल, हात बांधून ठेवूया का? अक्कांना वाटलं, डोळ्यांवर उजेड येतोय. त्यांनी उठून ट्यूबलाइट बंद केली. अंधुक खोलीत तुमचे हात परत वर गेले आणि एकमेकांवरून फिरले.

नाना, हा हावभाव मी लेन्समधून इतक्यांदा पाहिलाय की झोपेतसुद्धा ओळखीन. समोर असून इतर कुणाला ते दिसत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला तुमचा तो "गुडघा" कळला.

अक्कांनी मला विचारलं, "मनीषा, काय सांगी राह्यनात व ते?"

मी गप्प बसू शकले असते. बाहेरची पोरगी, कॅमेरा घेऊन फिरणारी. बापलेकाच्या मधे बोलायचा मला काय अधिकार? आणि तुमच्यावर लवकर थांबवण्याचा आरोप करत आलेली तर मीच. पण तुम्ही चौथ्यांदा की पाचव्यांदा हात उचललेत, आणि ते वर पोचलेच नाहीत, छातीवरच आडवे पडले. मला ते बघवेना.

"अक्का, बस व्हयनं म्हनतस ते," मी म्हटलं. "लढत थांबवतायत. त्यास्ले नाशिक नही जानं."

संजयदादा माझ्याकडे असे बघायला लागले, की मी भिंतीला टेकले. "तुला काय माहीत?" ते म्हणाले. "कशावरून?"

मी मोबाइल काढला आणि तो फोटो लावला, तोच, किरणचा. पण या वेळी मोठा केला तो किरणचा चेहरा नाही, तुमची पाठ आणि डोक्यावर आडवे झालेले दोन हात. त्यांनी फोटो पाहिला, तुमच्याकडे पाहिलं, परत फोटो पाहिला. मग मोबाइल आईच्या हातात दिला आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. अक्कांनी बराच वेळ पाहिलं. तुमच्या कपाळावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "संजू, त्यास्ले घर लई चाल." तुम्ही हात छातीवर ठेवलेत ते मग उचलले नाहीत.

अँब्युलन्स नाशिकऐवजी धुळ्याला गेली. मी होस्टेलवर परतले, आणि त्यानंतर सुरू झाली ती धाकधूक. नमस्कारच असला तर? सुईच खुपत असली तर? मी एका फोटोच्या जोरावर एका माणसाचे दिवस कापले की काय? ज्या मुलीने फोटोखाली "का थांबवली?" असं ठसक्यात लिहिलं, तिला आता तोच प्रश्न रोज कुणी तरी विचारत होतं, आणि ते कुणी तरी म्हणजे मीच होते. संजयदादा फोनवर तेवढ्यास तेवढं बोलायचे. डॉक्टर येऊन दुखणं कमी करायचं औषध देऊन जातात, एवढं कळायचं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण काहीतरी अडकलेलं होतं. तेही माझ्यासारखेच जागे असणार हे मला तेव्हा सुचलं नाही.

रविवारी सकाळी मी धुळ्याला आले. तुमची खाट पुढच्या खोलीत दाराशी लावली होती, म्हणजे रस्ता दिसेल. दाढी केलेली होती. संजयदादांनीच केली होती, गालावर एक कापलेलंही होतं. ऊन पायांवर होतं आणि तुम्ही चक्क जागे होतात, डोळे लख्ख. मला पाहून भुवया उडवल्यात. अक्का म्हणाल्या, कालपासून असेच आहेत, दोन चमचे पेज पण घेतली.

मी खाटेच्या एका बाजूला बसले. संजयदादा दुसऱ्या बाजूला होते. आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. तुम्ही आधी त्यांच्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. मग तुमचा उजवा हात चादरीवरून सरकत गेला आणि त्यांचं मनगट धरलंत. डावा हात माझ्याकडे आला, आणि माझं.

मला कळलं की तुम्ही कुठे उभे आहात.

तुम्ही घाई केली नाहीत. रिंगमध्येही करत नव्हतात. मग संजयदादांचा हात उचललात. वीतभरसुद्धा नाही, चादरीपासून चार बोटं वर. पण उचललात आणि धरून ठेवलात. संजयदादांना आधी कळेना. मग कळलं. एवढा मोठा माणूस, खाटेच्या कडेवर डोकं ठेवून लहान मुलासारखा रडला. "नाना, मी बरोबर केलं ना? बरोबर केलं ना मी?" तुमचा हात खाली आला नाही.

नियमाने पाहिलं तर निकाल माझ्या बाजूने लागायला हवा होता. नाशिक नको म्हणणारी मी. पण तुम्ही बघितलंत की ते ओझं कुणाला जन्मभर वाहावं लागणार आहे, आणि हात त्याचा वर केलात. तुमच्या सगळ्या निकालांवर मी भांडले, किरणच्या निकालावर तर मरेपर्यंत भांडेन. या एका निकालावर माझी तक्रार नाही. संजयदादा आता माझ्याशी नीट बोलतात. तुम्ही गेल्याचा फोन त्यांनी स्वतः केला आणि फोनवर पहिलं वाक्य म्हणाले, "मनीषा, झोपेतच गेले गं, काही त्रास झाला नाही." म्हणून हुश्श निघालं, नाना. त्याच्यासाठी माफी मागत नाही.

कॅमेरा त्या सकाळी माझ्या पिशवीत होता. तो फोटो मी काढला नाही. वर गेलेला हात सगळ्यांनी पाहिला, अक्कांनी, दारात आलेल्या शेजाऱ्यांनी. खाली चादरीवर काय झालं ते कुणालाच दिसलं नाही. तुमचा अंगठा माझ्या मनगटावर एकदा दाबला गेला, आणि मग तुम्ही मला सोडलंत.